युद्धात ‘असं व्हायचंच’? काँगो, रवांडा आणि आपला मराठवाडा

(या लेखात लैंगिक अत्याचारांविषयी माहिती आहे. तपशील गरजेपुरतेच दिले आहेत. तरीही वाचताना त्रास होणार असेल, तर थेट शेवटचा ‘आपल्याकडे असं घडलं तर’ हा भाग वाचावा. तो मात्र प्रत्येकाने वाचावा, अशी विनंती.)

युद्धाच्या बातमीत बायकांवरच्या अत्याचाराची एखादी ओळ असतेच. ती ऐकली की आपण बहुतेक जण एकच वाक्य म्हणतो : ‘लढाईत असं व्हायचंच.’ दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलेली मंडळी हे म्हणतात. शिकलेल्या डॉक्टरांच्या तोंडूनही मी ते ऐकलं आहे. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, उलट हळहळच असते. पण हे वाक्य खरं आहे का, हे कुणी तपासून पाहिलं आहे का?

आमच्या भागात असंच आणखी एक वाक्य होतं : ‘पावसाळ्यात हगवण व्हायचीच.’ तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं आणि धरणाशेजारच्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हा वेगळाच विषय. पण पावसाळ्यात एका पाड्यावर घरटी रुग्ण आणि शेजारच्या पाड्यावर एकही नाही, असं दिसलं की डॉक्टर पावसाला दोष देत बसत नाही. दोन्हीकडची विहीर पाहतो, टीसीएल पावडर टाकली का ते विचारतो. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडलेला असतो.

गेल्या तीस वर्षांत आफ्रिकेतल्या युद्धांचा अभ्यास करणाऱ्यांनी नेमकं हेच केलं. युद्ध दोन्हीकडे होतं, मग अत्याचार एकीकडे इतके आणि दुसरीकडे इतके कमी का, असा प्रश्न त्यांनी विचारला. त्यातून जे हाती आलं ते आपल्या महाराष्ट्रालाही लागू पडतं. आपल्याकडेही एक अशी वेळ येऊन गेली आहे, आणि ती फारशी बोलली जात नाही.

बाळंतपणासाठी बांधलेलं रुग्णालय

डॉ. डेनिस मुक्वेगे हे काँगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ. देशाच्या पूर्व भागात लेमेरा या गावी ते रुग्णालय चालवत होते. १९९६ साली युद्ध सुरू झालं तेव्हा त्या रुग्णालयावर हल्ला झाला आणि खाटांवरचे रुग्ण व कर्मचारी मारले गेले. पुढे १९९९ साली बुकावू शहराजवळ त्यांनी पांझी रुग्णालय सुरू केलं. हेतू साधा होता. बाळंतपणात बायका मरत होत्या, त्यांच्यासाठी सिझेरियनची सोय करायची. पण तिथे पहिली रुग्ण आली ती बाळंतपणाची नव्हती. तिच्यावर बलात्कार झाला होता आणि वर गोळी झाडली होती. तशाच बायका एकामागून एक येत राहिल्या. २०१८ साली डॉ. मुक्वेगे यांना शांततेचं नोबेल मिळालं ते या कामासाठी. त्याआधी, २०१२ साली, त्यांच्या घरावर हल्ला होऊन त्यांच्या रक्षकाचा जीव गेला होता.

पांझीचं नाव घेतलं की ‘फिस्टुला’ हा शब्द येतो, म्हणून तो समजून घेऊ. मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यामधला पडदा फाटून तिथे भोक पडतं. मग लघवी थांबतच नाही, दिवसरात्र झिरपत राहते. कधी गुदमार्गाच्या बाजूलाही असं भोक पडतं. अंगाला वास येतो, नवरा टाकतो, शेजारीण जवळ बसू देत नाही. शस्त्रक्रियेने बहुतेक बायका बऱ्या होतात.

जगभरच्या बातम्यांनी असं चित्र उभं केलं की काँगोतले फिस्टुला बलात्कारामुळे होतात. पण पांझीच्याच रुग्णांवरचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ६०४ रुग्णांपैकी २४ जणींनी फिस्टुलाचा संबंध लैंगिक अत्याचाराशी असल्याचं सांगितलं. त्यांतही अत्याचाराच्या जखमेमुळे थेट फिस्टुला झालेल्या फक्त ५ होत्या. बाकीच्यांपैकी बहुतेकींचा फिस्टुला अडलेल्या बाळंतपणातून, म्हणजे वेळेवर सिझेरियन न मिळाल्यामुळे झालेला. त्या पाच जणींचं दुःख यामुळे कमी होत नाही. पण औषध काय द्यायचं हे यावर ठरतं. बंदूक थांबवली तरी त्या भागात बाळंतपणाची सोय झाली नाही, तर ५८० बायकांसारख्या पुढच्या बायका येतच राहणार.

परदेशी मदतीचा पैसा मात्र त्या काळात ‘बलात्कारपीडित’ या एकाच चिठ्ठीवर मिळत होता. त्यामुळे उपचार मिळावेत म्हणून काही बायकांनी न झालेला अत्याचारही सांगितला, असं तिथे काम केलेल्या अभ्यासकांनी लिहून ठेवलं आहे. मला त्या बायकांचा राग येत नाही. आपल्याकडेही योजनेच्या कार्डात न बसणारा आजार घेऊन आलेल्या माणसाची धावपळ मी रोज पाहते. सेव्हरीन ओतेसेर या संशोधक बाईंनी २०१२ साली लिहिलं की काँगोबद्दल जगाने एक सोपी गोष्ट ठरवून टाकली : कारण खनिजं, परिणाम बलात्कार, उपाय सरकारी सत्ता मजबूत करणं. या सोप्या गोष्टीत जमिनीचे तंटे, गरिबी आणि भ्रष्ट शिपाई बाजूलाच राहिले.

आकडे कुठून येतात

रवांडात १९९४ साली सुमारे शंभर दिवसांत तुत्सी समाजाचा नरसंहार झाला. त्यात अडीच ते पाच लाख बलात्कार झाले, हा आकडा तुम्ही कुठेही वाचाल. तो कुणी मोजलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीने १९९६ च्या अहवालात तो अंदाजाने काढला. अत्याचारातून जन्मलेल्या मुलांची संख्या काही हजार होती. साधारण शंभर बलात्कारांमागे एक गर्भधारणा होते असं धरलं आणि गुणाकार केला. डॉक्टर म्हणून मला हे गणित कच्चं वाटतं. बाईचं वय, किती वेळा अत्याचार झाला, गर्भ पडला का, यावर ते सगळं हलतं. पण दुसरं काही हाताशी नव्हतं, कारण बहुतेक साक्षीदार मारल्या गेल्या होत्या आणि उरलेल्या बोलत नव्हत्या.

पुढे पाहण्या जास्त नीट झाल्या. २०१० साली पूर्व काँगोत घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत सुमारे ४० टक्के बायकांनी आणि जवळजवळ २४ टक्के पुरुषांनीही आपल्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं. पुरुषांचा आकडा वाचून पुष्कळांना धक्का बसला. युगांडाच्या कंपाला शहरात ख्रिस डोलन आणि त्यांचे सहकारी हे आधीपासून सांगत होते. निर्वासित पुरुष पाठदुखी, मूळव्याध असं काहीतरी सांगून दवाखान्यात येत आणि खरं कारण वर्षानुवर्षं बाहेर पडत नसे.

२०११ सालच्या आणखी एका अभ्यासाने दुसराच गैरसमज मोडला. काँगोच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीवरून हिशेब केला, तर आयुष्यात कधी ना कधी बलात्कार सोसलेल्या बायका सतरा-अठरा लाखांच्या घरात निघाल्या. पण नवऱ्याकडून किंवा जोडीदाराकडून लैंगिक जबरदस्ती सोसलेल्या बायका तीस लाखांहून जास्त होत्या. युद्धावर लावलेला कॅमेरा घराच्या दारापाशी थांबला होता.

‘व्हायचंच’ असं नाही

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एलिझाबेथ वूड या अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या प्राध्यापिका. त्यांनी २००६ पासून सातत्याने मांडलं की सगळ्या फौजा सारख्या वागत नाहीत. काही फौजा इतर बाबतीत अत्यंत क्रूर असूनही बलात्कार जवळजवळ करत नाहीत. त्यांनी दिलेलं एक उदाहरण आपल्या शेजारचं आहे, श्रीलंकेतल्या एलटीटीईचं. या संघटनेने माणसं मारली, मुलं पळवून लढायला लावली. १९९० साली उत्तरेतल्या हजारो मुसलमान कुटुंबांना नेसत्या कपड्यांनिशी हाकलून दिलं. पण त्या हकालपट्टीत बायकांवर लैंगिक अत्याचार झाल्याचं फारसं आढळत नाही. कारण संघटनेचा त्याविरुद्ध कडक नियम होता आणि मोडणाऱ्याला शिक्षा होत होती. त्या संघटनेची तारीफ करायचा प्रश्नच नाही. मुद्दा एवढाच की बंदूक हातात असलेल्या पुरुषाला आवरता येत नाही, ही समजूत खोटी ठरते.

डारा के कोहेन यांनी १९८० ते २०१२ या काळातली ९१ यादवी युद्धं तपासली आणि सिएरा लिओनमध्ये जाऊन माजी लढवय्यांशी बोलल्या. त्यांना दिसलं ते असं. ज्या टोळ्या माणसं पळवून आणून जबरदस्तीने भरती करतात, त्यांच्यात सामूहिक बलात्काराचं प्रमाण जास्त असतं. कालपर्यंत अनोळखी, एकमेकांवर भरवसा नसलेली, घाबरलेली पोरं. त्यांना एकत्र बांधायला काहीतरी लागतं. सगळ्यांनी मिळून केलेलं भयंकर कृत्य ते काम करतं, आणि त्यानंतर घरी परतायची वाटही बंद होते. आणखी अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे सिएरा लिओनमधल्या नोंदलेल्या सामूहिक बलात्कारांपैकी जवळजवळ चारातल्या एका घटनेत टोळीतल्या बायकांनीही भाग घेतला होता. म्हणजे हे केवळ पुरुषी वासनेचं काम आहे, असंही म्हणता येत नाही.

मारिया एरिक्सन बाझ आणि मारिया स्टर्न या दोघी थेट काँगोच्या सैनिकांशीच बोलल्या. सैनिक ‘वासनेचा’ बलात्कार आणि ‘दुष्टाव्याचा’ बलात्कार असा फरक करत. पहिल्याला ते समजून घेण्यासारखं मानत. पगार मिळत नाही, वरिष्ठ तो खातात, बायको सोडून गेली, अशी कारणं पुढे करत. मला इथे ‘वरिष्ठ’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. दरवेळी वरून हुकूम आलेला असतो असं नाही. पुष्कळदा वरच्याने फक्त पाहिलं न पाहिल्यासारखं केलेलं असतं.

१९४८ : आपल्याकडचं पान

हे सगळं वाचताना मला वारंवार आठवतो तो मराठवाडा. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९४७-४८ मध्ये लातूरचा वकील कासिम रझवी याच्या रझाकारांनी गावंच्या गावं छळली. मग १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय सैन्याची पोलीस कारवाई झाली आणि निजाम शरण आला. १७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन पाळतो, आणि तो पाळावाच.

पण कारवाईनंतरच्या आठवड्यांत काय झालं? पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी अशा तिघांना पाहणीसाठी पाठवलं. नोव्हेंबरच्या अखेरीपासून २१ डिसेंबर १९४८ पर्यंत ते संस्थानात फिरले. पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा त्यांचा सावध अंदाज होता. मारले गेलेले बहुसंख्य मुसलमान होते. उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे सर्वांत जास्त होरपळले. लातुरात सुमारे दहा हजारांपैकी जेमतेम तीन हजार मुसलमान समितीला सापडले. हजारावर मारले गेले होते, उरलेले पळाले होते.

बायकांबद्दल अहवाल काय सांगतो? बलात्कार झाले. बायका पळवल्या गेल्या, काही तर संस्थानाबाहेर, सोलापूर-नागपूरपर्यंत. हे शब्द लुटालूट, जाळपोळ, जबरदस्तीचं धर्मांतर यांच्या यादीत येतात. मेलेल्यांचा अंदाज आहे, पळवलेल्या बायकांचा नाही.

अहवाल मात्र एकतर्फी नाही, आणि म्हणूनच तो आफ्रिकेतल्या अभ्यासाच्या शेजारी ठेवून वाचण्यासारखा आहे. रझाकारांच्या अत्याचारांचं त्याने केलेलं वर्णन पाहा. रझाकार गावावर महिन्याचा पैसा बसवत. जिथे तो मुकाट्याने मिळाला तिथे सहसा पुढे काही होत नसे. नाकारला तिथे लूट होई. लुटीलाही विरोध झाला तर जाळपोळ, खून, आणि बायकांवर बलात्कार व अपहरण. म्हणजे इथेही वेडाच्या लाटेपेक्षा हिशेब जास्त दिसतो. नंतरच्या सूडात कोण होते? रझाकारांचा मार खाल्लेले लोक होते, संस्थानाबाहेरून आलेले जातीय मनोवृत्तीचे लोक होते, आणि काही ठिकाणी सैनिक व पोलीसही सामील झाले, असं समितीने लिहिलं. त्याच समितीने असंही लिहिलं की एकंदरीत सैन्याची शिस्त चांगली होती. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर शेजाऱ्यांना जीव देऊन वाचवलं. पळवलेल्या मुसलमान बायकांना सोडवून आणण्यातही पुष्कळ हिंदूंनी मदत केली.

तेच जिल्हे, तीच सूडाची हवा, त्याच आठवड्यांतली गोष्ट. तरी एका गावात असं आणि दुसऱ्या गावात तसं. मागावर बसून एकमेकांच्या बाजूला सूत ओढणाऱ्यांनी एकमेकांच्या बायकापोरींना हात लावू दिला नाही.

सरकारने तो अहवाल प्रसिद्ध केला नाही. संपूर्ण मजकूर सामान्य वाचकाच्या हाती आला तो २०१३ च्या सुमारास, ए. जी. नूरानी यांच्या पुस्तकातून. फाळणीत पळवलेल्या बायकांसाठी १९४९ साली निदान कायदा झाला. त्या कायद्याने बायकांची मर्जी विचारली नाही हा त्यातला मोठा दोष, पण पुढे उर्वशी बुटालिया, रितू मेनन, कमला भसीन यांनी त्या बायकांना शोधून त्यांचं म्हणणं लिहून घेतलं. आपल्या मराठवाड्यातल्या बायकांच्या वाट्याला, हिंदू असोत की मुसलमान, असं लिहून घेणारं फारसं कुणी आलं नाही. त्या वेळी पंधरा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदी ओलांडलेली असेल. लातूर-धाराशिवकडच्या एखाद्या आजीची नाडी पाहताना माझ्यासारखी डॉक्टर साखर आणि रक्तदाब विचारते. अंगात कापरं का भरतं, रात्री दाराला दोनदा कडी का लावता, हे विचारायला ओपीडीत सवड नसते.

जखम नाही म्हणजे काही झालं नाही?

इथे आमच्या व्यवसायाबद्दल बोलायलाच हवं. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंज पोलीस ठाण्यात, एका आदिवासी मुलीवर रात्री दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. कायद्याच्या पुस्तकांत तो खटला तिच्याच नावाने ओळखला जातो. मी ते नाव इथे लिहीत नाही. तिचं वय चौदा ते सोळा. युद्ध नव्हतं, पण रात्रीची वेळ, बंद पोलीस ठाणं, बाहेर थांबलेले नातेवाईक आणि समोर सरकारी गणवेश. तिच्या दृष्टीने लष्करी छावणीपेक्षा ते वेगळं काय होतं?

दुसऱ्या दिवशी वैद्यकीय तपासणी झाली. अंगावर जखम नाही, योनीपटल पूर्वी फाटलेलं, दोन बोटं सहज जातात, असं नोंदलं गेलं. या नोंदीवरून सत्र न्यायालयाने तिला संबंधांची सवय असल्याचं म्हटलं आणि पोलिसांना सोडलं. नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवलं. पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा निर्दोष सोडले. जखमा नाहीत, म्हणजे विरोध केला नाही, म्हणजे संमती होती, असा तो धागा. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर मोर्चे निघाले. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या अत्याचारात संबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असं बाईने सांगितलं, तर न्यायालयाने तेच गृहीत धरावं, असं ठरलं.

पंधरा वर्षांनी, २ सप्टेंबर १९९८ रोजी, टांझानियातल्या अरुशा शहरात रवांडासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने ज्यां-पॉल अकायेसु या तालुकाप्रमुखाला शिक्षा सुनावण्याआधी दोषी ठरवलं. बलात्कार हा नरसंहाराचाच भाग असू शकतो, असं आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पहिल्यांदा म्हटलं ते त्या निकालात. मूळ आरोपपत्रात बलात्काराचा शब्दही नव्हता. १९९७ मध्ये एका साक्षीदार बाईने बोलता बोलता आपल्या लहान मुलीबद्दल सांगितलं. पीठावरच्या एकमेव महिला न्यायाधीश नवनीतम पिल्ले, दक्षिण आफ्रिकेतल्या तमिळ कुटुंबातल्या, यांनी तो धागा सोडला नाही. मग आरोपपत्र बदललं गेलं. त्या निकालाने असंही सांगितलं की जबरदस्ती सिद्ध व्हायला अंगावर वळ असण्याची गरज नाही. आजूबाजूला हत्यारबंद माणसं असणं हीच जबरदस्ती असू शकते.

शरीरशास्त्रही हेच सांगतं. अतिशय भीती वाटली की माणूस पळतो किंवा झगडतो, हे आपल्याला माहीत असतं. पण पुष्कळ वेळा तो गोठतो. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. हा मेंदूचा प्रतिसाद असतो, त्यावर त्या व्यक्तीचा ताबा नसतो. म्हणून जखमा नसलेले रुग्ण पुष्कळ असतात. आणि योनीपटलाचं म्हणाल तर त्यावरून बाई ‘सवयीची’ आहे की नाही हे कुणालाही सांगता येत नाही. ती ‘दोन बोटांची’ तपासणी विज्ञान कधीच नव्हती. ती पाठ्यपुस्तकातून उचललेली रूढी होती, आणि आमच्या पिढीच्या पुस्तकांतही ती होती. ती हटवण्यात सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अशा तपासण्यांतल्या त्रुटींचा अहवाल केला आणि डॉ. रंजना पर्धी यांनी २०१० साली तो घेऊन नागपूर खंडपीठात जनहित याचिका लावली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तपासणी बाईच्या प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरवली. २०१४ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी ती बंद केली. तरी ती चालू राहिली, म्हणून २०२२ साली न्यायालयाला सांगावं लागलं की ही तपासणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल.

२०१३ च्याच कायदेबदलात आणखी एक गोष्ट आली, तिची चर्चा कमी होते. सैन्यदलातल्या व्यक्तीने तैनातीच्या भागात केलेला आणि जातीय दंगलीच्या वेळी केलेला बलात्कार हे जास्त गंभीर गुन्हे ठरले. १९४८ च्या त्या यादीला कायद्यात जागा मिळायला पासष्ट वर्षं लागली.

आपल्याकडे असं घडलं तर

शहापूर-मुरबाडमध्ये युद्ध नाही. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या सुमारे २९ टक्के विवाहित बायकांनी नवऱ्याकडून हिंसा सोसली आहे. हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के कुणाची तरी मदत मागतात. बाकीच्या आमच्याकडे ‘पडले’, ‘दार लागलं’, ‘ओटीपोटात दुखतंय’ म्हणून येतात. म्हणून पुढची माहिती लक्षात ठेवा आणि शेजारणीला सांगा.

लैंगिक अत्याचार झाल्यावर जितक्या लवकर रुग्णालयात जाल तितकं चांगलं. एचआयव्ही टाळणाऱ्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी शक्यतो पहिल्या ७२ तासांतच घ्यावी. पाच दिवसांपर्यंत घेता येते, पण उशीर होईल तसा उपयोग कमी होतो. कावीळ ‘बी’ आणि धनुर्वाताची लस, इतर गुप्तरोगांवरची औषधंही लागतात. नमुने साधारण चार दिवसांपर्यंत घेता येतात. तोवर अंघोळ न करणं, कपडे न धुता कागदात गुंडाळून आणणं चांगलं. पण अंघोळ झाली, कपडे धुतले, आठवडा उलटला, म्हणून यायचंच नाही असं करू नका. उपचार तेव्हाही असतात.

सरकारी असो वा खासगी, कोणतंही रुग्णालय अशा रुग्णाला परत पाठवू शकत नाही. प्रथमोपचार आणि उपचार मोफत द्यायचे, असा कायदा आहे. न देणं हा गुन्हा आहे. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. तक्रार करायची की नाही हे मोठ्या बाईने ठरवायचं आहे, आणि तक्रार केली नाही म्हणून उपचार अडत नाहीत. रुग्णालयाला पोलिसांना कळवावं लागतं, पण जबाब द्यायचा की नाही हे तिच्या हाती राहतं. मूल अठरा वर्षांखालचं असेल तर मात्र पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. तपासणी तिच्या संमतीनेच होते. ती एखाद्या भागाच्या तपासणीला नाही म्हणू शकते, आणि तेवढ्यावरून उपचार थांबवता येत नाहीत.

अत्याचार नवऱ्याने केला असेल तर आपला फौजदारी कायदा त्याला, बायको सज्ञान असल्यास, अजूनही बलात्कार म्हणत नाही. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक छळ येतो, आणि दवाखान्याच्या दृष्टीने जखम ही जखमच असते. पुरुषांनी आणि मुलांनीही यावं. त्यांच्यासाठी हीच औषधं आणि हीच गुप्तता आहे.

महिलांसाठी हेल्पलाइन १८१, मुलांसाठी १०९८, तातडीच्या मदतीसाठी ११२. केसपेपरवर आपण सांगितलेलं तुमच्याच शब्दांत लिहिलं आहे का, हे डॉक्टरांना वाचून दाखवायला सांगा. तुम्ही ‘ढकललं’ म्हणालात आणि वर ‘पडली’ असं लिहिलं असेल, तर तिथेच दुरुस्त करून घ्या.